कॉलरमधला तिरका टाका

आमच्या धाकट्याचं दुसरं लग्न झालं, त्याच वर्षी करखात्याची नोटीस आली. लग्नाला सत्तर माणसं होती आणि नोटिशीवर एक शिक्का होता. आमचे हे दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहत राहिले. काहीतरी धुवायला आलं आहे आणि त्यावरचा डाग काही निघण्यातला नाही, अशी ती नजर.

आमची लाँड्री. पुढे काउंटर, मागे दोन हौद, एक बॉयलर आणि वाफेचा मोठा प्रेस. चादर पसरायची, वरचा पत्रा खाली ओढायचा, फुस्स होतं आणि चादर कागदासारखी बाहेर येते. दुकानात किमतीची वस्तू तेवढी एकच. बाकी सगळं आमच्यासारखंच, वापरून मऊ झालेलं.

नोटीस मी वाचली. धाकटा कामावर गेला होता आणि ह्यांना अक्षरओळख नाही. मी सत्तावन्नाव्या वर्षी प्रौढ वर्गात लिहायला-वाचायला शिकले, त्यामुळे एका पानाला अर्धा तास लागायचा. हे शेजारी उभे.

"काय म्हणतोय?"

"अजून 'महोदय'च म्हणतोय."

"मग चांगला माणूस दिसतो."

खाली उतरल्यावर माणूस तितका चांगला नव्हता. त्यांनी आमची पाण्याची आणि विजेची बिलं मागवून हिशेब मांडला होता. इतकं पाणी म्हणजे इतके कपडे, इतके कपडे म्हणजे इतकी कमाई. तीन वर्षांचा कर आणि दंड मिळून एक लाख दहा हजार. हा आकडा मान्य नसेल तर तिन्ही वर्षांच्या वह्या घेऊन महिन्याच्या एकतीस तारखेला कचेरीत हजर व्हावं.

"प्रेस विकला तर भागेल," हे म्हणाले.

"आणि चादरी काय मी पोटाखाली घेऊन सपाट करू?"

ह्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जमेल."

पण संध्याकाळी त्यांनी प्रेसवरून दोनदा फडकं फिरवलं. मी ओळखलं, माणूस घाबरला आहे.

घरात हिशेब कळणारं एकच माणूस होतं आणि ते तीन आठवड्यांपूर्वीच आलं होतं. धाकट्याची बायको एका लाकडाच्या वखारीत जमाखर्च लिहायची. तिला आम्ही सगळे 'नवी' म्हणायचो. जुनी कोण, हे कुणी बोलायचं नाही. ह्यांचं तिच्याबद्दल मत काही चांगलं नव्हतं. ती चहा पिताना बोटांवर काहीतरी मोजते, असं त्यांचं म्हणणं होतं.

नवीनं पदर, बाह्या, जे काही खोचायचं ते खोचलं आणि म्हणाली, "बाबा, वह्या काढा."

ह्यांनी इस्त्रीच्या टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढली. तीन जाड वह्या बाहेर आल्या. नवीनं पहिली उघडली, मग उलटी धरून पाहिली.

"यात अक्षर कुठे आहे?"

"अक्षर कशाला? हिशेब आहे."

पानभर खुणा होत्या. एक टाका, तीन टाके, आडवा टाका, गाठ, गोल. प्रत्येक खुणेपुढे रेघा. एका बाजूला किती कपडे आले, दुसऱ्या बाजूला किती पैसे आले. लाँड्रीत प्रत्येक घराच्या कपड्याला कॉलरच्या आत किंवा काठाच्या मागे लाल दोऱ्यानं खूण घालतात, म्हणजे एकाचा शर्ट दुसऱ्याकडे जात नाही. ह्यांनी तीच खूण वहीत काढली होती. कॉलरमधल्या खुणा मी घालत होते, अडतीस वर्षं. हे सांगायचे, "तीन सरळ, एक गाठ," आणि मी घालायची. का, ते विचारायची वेळ कधी आली नाही. कपडे येतच राहायचे.

"बाबा, कचेरीत नावं लागतील. कुठली खूण कुणाची, याची यादी. ही कुणाची? एक तिरका, एक गाठ."

"कोपऱ्यावरचा डॉक्टर."

"आणि हा नुसता तिरका?"

"औषधवाला."

"डॉक्टर आणि औषधवाला दोघांनाही तिरका कसा? भाऊ आहेत का?"

"भाऊ कसले? दोघंही पैसे देताना तिरके होतात."

नवीनं पेन खाली ठेवलं. मीही हातातला शर्ट खाली ठेवला.

"म्हणजे?"

"म्हणजे आज देतो म्हणतात आणि पंधरा दिवसांनी देतात. सरळ टाका सरळ माणसाचा. तिरका उशिरा देणाऱ्याचा. गाठ म्हणजे प्रत्येक बटणावरून वाद घालणारा. गोल म्हणजे डाग स्वतः पाडायचा आणि आपल्यावर ढकलायचा. फुली म्हणजे खिसे न तपासता कपडे टाकतो. परवा त्या गाणंवाल्या बाईंच्या कोटात अख्खं अंडं निघालं, उकडलेलं."

"त्यांची खूण काय आहे?"

"तीन सरळ, एक फुली. बाई सोन्यासारखी आहे, पण खिशाचा भरवसा नाही."

 गल्लीतली तीनशे माणसं आपापल्या मानेमागे आमच्या ह्यांचं मत घेऊन हिंडत होती, आणि ते मत सुईनं तिथं घालणारी मी होते. शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याशी किती गोड बोलायच्या. त्यांना मी दोन गाठी आणि गोल घालत आले होते.

"अहो, हे त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? स्वतःची मान कुणाला दिसते?"

"आता कळेल," नवी म्हणाली. "यादी कचेरीत द्यायची आहे. खूण, नाव आणि खुणेचा अर्थ. अर्थ नसेल तर ते म्हणतील, काल रात्रीत बसून रेघोट्या मारल्या आहेत. आणि कचेरीतला शिपाई आपल्याच गल्लीत राहतो."

"चार तिरके एक गोल," हे लगेच म्हणाले.

असा पेच होता. अर्थ दिला तर गिऱ्हाईक जाईल, नाही दिला तर प्रेस जाईल. धाकट्यानं जेवताना सुचवलं की सरळ नव्या वह्या लिहून काढाव्यात, चार पेनं वापरावीत आणि थोडा चहा सांडावा. वखारीत काय, सगळीकडे असंच करतात म्हणे. नवीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं दुसरी भाकरी मागितली नाही. "कराच्या कागदात खोटं लिहायचं नाही," हेही म्हणाले. सासऱ्या-सुनेचं एकमत झालं ते हे पहिलंच.

यादी मी लिहायला घेतली, कारण नवी आकड्यांत बुडाली होती. हे सांगत होते, मी लिहीत होते. रोज दुपारी दुकान बंद असताना तीस-चाळीस माणसं व्हायची. पहिल्या दिवशी मी डॉक्टरांच्या नावापाशी आले आणि माझा हात थांबला. ह्यांनी सांगितलं होतं, "उशिरा देतो, कटकट्या." मी लिहिलं, 'सवडीने, चौकस.'

"वाच," हे म्हणाले.

"डॉक्टर. उशिरा देतो, कटकट्या."

"बरोबर."

मी पुढे गेले. मुख्याध्यापिका, 'फार चौकस, डागांबाबत जागरूक.' गाणंवाल्या बाई, 'नियमित, विसरभोळ्या.' संध्याकाळी पूर्ण पान मी ह्यांना त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवलं आणि ते मान डोलवत राहिले. आपल्याला वाचता येणं चांगलंच. पण शेजारच्याला वाचता येत नसेल तर ते किती उपयोगाचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

चोवीस तारखेला नवीनं तिसरी वही मिटली आणि कपाळाला हात लावला.

"आई, सगळं जुळतंय. एक सोडून. हे बघा."

प्रत्येक पानाच्या तळाशी एक खूण होती. उभी रेघ आणि वरच्या टोकाला बारीक भोक. त्यापुढे रेघाच रेघा, रोज दहा-बारा. पैशांच्या बाजूला कोरं. तीन वर्षांत एक पै जमा नाही.

"आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे हे. कोण आहे?"

मी ती खूण कधीच कुठल्या कपड्यावर घातली नव्हती. अडतीस वर्षांत एकदाही नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बॉयलरकडे बघत होते.

"आहे कुणीतरी," हे म्हणाले. "राहू दे ते."

"बाबा, राहू कसं देणार? दहा हजारांच्या वर रेघा आहेत. हे येणं म्हणून धरलं तर कर वाढेल. त्यांचा आकडा आपल्या वहीनंच खरा ठरेल. मग प्रेस गेलाच."

"राहू दे म्हटलं ना."

तेव्हा माझं वय एकसष्ट. त्या वयात माणूस अशा शंका घेत नाही म्हणतात. मी घेतल्या. रोज दहा-बारा कपडे फुकट, खूण माझ्यापासून लपवलेली, आणि माणूस बॉयलरकडे बघतोय. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं, पण ताट जरा जोरानं ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी सुई-दोरा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "तिचे कपडे तिलाच धुवायला सांगा. आणि खुणाही तिलाच घालू दे."

"कुणाला?"

"जिच्या डोक्याला भोक आहे तिला."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खूप चिडले. "अगं ए, ती सुई आहे! सुई काढली आहे मी. ती तू आहेस!"

नवी मागच्या खोलीतून वही घेऊनच आली.

"ते येणं नाहीये," हे तिच्यावरच ओरडले. "ते देणं आहे. मी दुकान काढायच्या आधी मोठ्या धुलाई कारखान्यात होतो. तिथं मुकादम दहा कपड्यांना एक रेघ ओढायचा, आणि रेघेवर मजुरी मिळायची. दुकान काढलं तेव्हा कामाला एकच माणूस होतं. त्याच्या रेघा ओढल्या. काय चुकलं?"

"रेघेला किती?" नवीनं विचारलं.

"हल्ली आठ."

"आणि पैसे?" मी विचारलं.

"कुणी मागितले?"

 एवढा शिस्तीचा माणूस! डॉक्टरनं पंधरा दिवस लावले म्हणून त्याच्या मानेवर तिरका टाका, आणि स्वतः अडतीस वर्षं रोज नेमानं रेघ ओढून वही पेटीत ठेवून देत होता. भांडणाला मी पुरी तयार होते, पण नवी मध्येच हसायला लागली. खुर्चीवर बसून, वही पोटाशी धरून.

"बाबा, ही मजुरी आहे! हा खर्च आहे. दहा हजार आठशे बारा रेघा, शहाऐंशी हजार चारशे शहाण्णव. एवढा खर्च नफ्यातून वजा केला तर आपण कराच्या मर्यादेखाली जातो. काही भरावं लागत नाही. प्रेस वाचला!"

"मग कर की वजा," हे खूश झाले.

"पण दिलेला असला पाहिजे. सुनावणीच्या आधी, बँकेतून, आईंच्या नावावर."

ह्यांचा चेहरा पडला. "दिलेला म्हणजे? लिहिलेला नाही चालत?"

"नाही."

"घरातल्या घरात?"

"घरातल्या घरात तर मुळीच नाही."

बँकेत ह्यांच्या नावावर नव्या बॉयलरसाठी ठेवलेली नव्वद हजारांची ठेव होती. जुना बॉयलर दोन वर्षं शिट्टी वाजवत होता. हे पूर्ण एक दिवस विचार करत होते. सरकारला द्यायचे की बायकोला, असा विचार. सरकार जास्त मागत होतं एवढ्यावरच मी जिंकले.

"बाकीच्या पस्तीस वर्षांचं काय?" मी नवीला विचारलं.

"खात्यानं तीनच वर्षं मागितली आहेत, आई. आधीचं मुदतीबाहेर गेलं."

"कायदाच आहे तसा," हे पटकन म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कायद्याबद्दल इतकी आपुलकी वाटलेली मी पाहिली.

मंगळवारी आम्ही बँकेत गेलो. माझं खातं उघडायचं होतं. कारकुनानं न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला. मी तो ह्यांच्याकडे सरकवला आणि पेन मागितलं. सही करायला वेळ लागतो मला. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. "घाई असेल तर पुढे या आणि माझी सही तुम्ही करा," मी म्हटलं. ठेव मोडली, ह्यांनी अंगठा उठवला, आणि अर्ध्या तासानं मी आमच्या घरातली सगळ्यात श्रीमंत बाई झाले. घरी येताना हे दोन पावलं मागून चालत होते.

एकतीस तारखेला आम्ही तिघं कचेरीत. साहेब तरुण होते, टेबलावर काच, काचेखाली मुलीचा फोटो. त्यांनी वह्या उघडल्या, यादी बाजूला घेतली आणि बोट लावून एकेक खूण जुळवू लागले. चांगला पाऊण तास. मग मोठ्यानं वाचलं, "कोपऱ्यावरचे डॉक्टर. सवडीने, चौकस."

हे ताडकन माझ्याकडे वळले.

"सवडीने म्हणजे?" साहेबांनी मला विचारलं.

"सवड मिळाली की पैसे देतात."

"आणि चौकस?"

"चौकशी करतात."

"मुख्याध्यापिका. फार चौकस, डागांबाबत जागरूक." साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"साहेब," हे म्हणाले, "त्या यादीत..."

नवीनं टेबलाखाली माझा हात धरला. तीन वर्षांच्या वह्या, प्रेस, दुकान, सगळं त्या एका वाक्याच्या अर्ध्यावर येऊन थांबलं. यादी खोटी आहे असं ह्यांनी म्हटलं असतं तर वह्याही खोट्याच ठरल्या असत्या.

"काय आहे त्या यादीत?" साहेबांनी पेन उचललं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे, जणू काही त्यांना ते वाचता येत होतं.

"अक्षर चांगलं आहे," हे म्हणाले. "माझ्या बायकोचं आहे."

साहेबांनी मान हलवली आणि शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं. "ही मजुरी तुमची? मिळाली?"

"मिळाली. गेल्या मंगळवारी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आमचं लग्न झालेलं होतं."

साहेब हसले नाहीत, पण शिक्का मारताना त्यांचा हात हलला आणि शिक्का जरा वाकडा पडला. मागणी रद्द. उठता उठता त्यांचा हात नकळत स्वतःच्या कॉलरमागे गेला. त्यांचे कपडे आमच्याकडे येत नव्हते, तरी गेला.

पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "कराच्या कागदात खोटं लिहिलंस."

"तुम्ही अडतीस वर्षं खरं लिहिलंत. पेटीतच ठेवलंत ना?"

त्यांनी आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाले, "चौकस चांगलं आहे. कटकट्यापेक्षा कमी शाई लागते."

चार महिन्यांनी बॉयलरनं शेवटची शिट्टी मारली आणि मागची खोली पाण्यानं भरली. हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काउंटरच्या पुढच्या बाजूला, जिथं गिऱ्हाईक उभं राहतं तिथं.

"साठ हजार लागतील," हे म्हणाले.

"कशाला?"

"तुला माहीत नाही कशाला?"

"मी चौकस आहे."

मी पैसे दिले. कागद करून दिले. साठ हजार, बारा हप्ते, दर सहा महिन्यांनी पाच हजार. वर माझी सही, खाली ह्यांचा अंगठा, साक्षीला नवी. धाकटा म्हणाला, नवरा-बायकोत कसला कागद? नवीनं त्याला सांगितलं, की तुझा पहिला संसारही कागदाशिवायच मोडला होता का, ते आठव. त्या दिवसापासून 'जुनी'चा विषय घरात निघायला लागला आणि नवीचं 'नवी' हे नावही सुटलं.

पहिला हप्ता हे वेळेवर देतील असं मला खरंच वाटलं होतं. एकवीस दिवस उशीर झाला.  त्यांचा राखाडी शर्ट उलटा केला आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं एक टाका घातला. तिरका.

दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना त्यांचं बोट कॉलरमधून फिरलं. कपड्याला हात लावल्याशिवाय अंगात घालायची सवयच नव्हती त्यांना. बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"सवडीने," मी म्हटलं.

त्यांनी शर्ट घातला आणि दुकान उघडायला गेले. पुढच्या प्रत्येक शर्टाला मी तोच टाका घातला, आणि पुढचा प्रत्येक हप्ता त्यांनी उशिराच दिला. मला वाटतं, टाका खोटा ठरू नये म्हणून. वहीत मात्र प्रत्येक हप्त्याची रेघ त्यांनी पैसे दिले त्याच दिवशी ओढली, सुईच्या खुणेपुढे, पैशांच्या बाजूला. अकरा रेघा आहेत. मी मोजल्या आहेत.

आमचे हे धाकट्याच्या दुसऱ्या लग्नानंतर सातव्या वर्षी, एप्रिलच्या नऊ तारखेला, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, प्रेसशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले. बारावा हप्ता द्यायला तेव्हा तेरा दिवसांचा उशीर झाला होता.